कुठली सूज, ते आधी विचारा

या खेपेला पत्रं बरीच आली आणि त्यातली निम्मी तरी एकाच वाक्याने सुरू होतात, "डॉक्टर, आमच्या मुलाच्या किडनीला सूज आहे असं सांगितलंय." आता गंमत बघा, मराठीत आपण सूज हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. सकाळी उठल्यावर पोराच्या पापण्या फुगलेल्या, पाय दाबला की खड्डा पडतोय, ती अंगावरची सूज, म्हणजे पाणी साठलेलं. किडनीच्या आत, बऱ्याचदा तिथल्या बारीक गाळण्यांमध्ये, पेशी जमा होऊन जो भडका उडतो ती दुसरी, पुस्तकात तिला दाह म्हणतात पण दाह म्हटलं की आपल्या लोकांना पित्तच आठवतं. आणि सोनोग्राफीच्या कागदावर असते ती तिसरी, लघवी पुढे सरकत नाही म्हणून किडनी फुगलीये, बस. तिघींच्या टेस्ट वेगळ्या, औषधं वेगळी, काळजी करायची पातळी पण वेगळी, त्यामुळे पत्र लिहिताना कुठली सूज ते जमलं तर डॉक्टरांना विचारून लिहा, मला निम्मं काम सोपं जाईल.

बायोमार्कर हा शब्द पण चार पत्रांत आलाय. रक्तात किंवा लघवीत मोजता येईल अशी खूण, एवढाच त्याचा अर्थ. लघवीत बुडवायची साधी पट्टी पण बायोमार्करच मोजते, फक्त ती स्वस्त आहे म्हणून तिला कोणी त्या नावाने हाक मारत नाही.

प्रश्न – माझा मुलगा सहा वर्षांचा. दिवाळीनंतर घरात सगळ्यांना खरूज झाली, त्याच्या पायावरच्या पुळ्या पिकल्या, त्या बऱ्या होऊन महिना झाला असेल आणि एक दिवस लघवी बिनदुधाच्या चहासारखी झाली, तोंड पण सुजलं. बीपी वाढलं म्हणून पाच दिवस ॲडमिट होता. रिपोर्टमध्ये सी३ कमी आलं, एएसओ नॉर्मल आलं. आमच्या नात्यातले एक मेडिकल दुकानवाले आहेत ते म्हणतात एएसओ नॉर्मल म्हणजे हा जंतूंचा आजार नाहीच, दुसरंच काहीतरी आहे, बायोप्सी करून घ्या. आता तीन आठवडे झाले, लघवी दिसायला स्वच्छ आहे पण तपासली की रक्त दाखवतंय. झोप नाही ओ डॉक्टर. – एक आई, तासगाव

उत्तर – ताई, तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे, फक्त तुमच्या पाहुण्यांनी ते उलटं वाचलं. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू घशात बसतो तसा पिकलेल्या पुळीत पण बसतो, आणि आपलं शरीर त्याच्याशी भांडताना जे अँटिबॉडीचे गोळे तयार होतात ते जाऊन किडनीच्या गाळण्यांत अडकतात, मग तिथे भडका. घसा दुखून झालं असेल तर साधारण एक ते दोन आठवड्यांनी लघवी काळी होते, कातडीच्या जखमेनंतर मात्र तीन ते सहा आठवडे जातात. तुमचा महिना त्यात बरोब्बर बसतो.

आता एएसओ. ही टेस्ट त्या जंतूच्या एका विषाविरुद्धची अँटिबॉडी मोजते आणि कातडीतले स्निग्ध पदार्थ ते विष तिथल्या तिथे निकामी करतात, म्हणून पुळ्यांनंतर एएसओ बऱ्याचदा वाढतच नाही. घशानंतर वाढतं. कातडीच्या केसमध्ये बघायची ती अँटी-डीएनेज बी, ती सगळीकडे होत नाही, आणि खरं सांगू का, खरजेची हिस्टरी इतकी स्पष्ट असेल आणि सी३ कमी असेल तर ती नाही झाली तरी अडत नाही. त्यामुळे एएसओ नॉर्मल म्हणजे जंतू नाही, हे चूक.

तुमच्याकडचा खरा मार्कर सी३ आहे आणि त्याची गंमत अशी की त्याचा एक आकडा फार काही सांगत नाही, तो परत वर कधी येतो ते सांगतं. सी३ हे रक्तातलं एक प्रोटीन, भडक्यात ते वापरलं जातं म्हणून कमी होतं, भडका विझला की सहा ते आठ आठवड्यांत परत जागेवर येतं. म्हणून आज तीन आठवड्यांनी बायोप्सीची, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायची, घाई नको. आठ आठवड्यांनी सी३ परत करा, आलं नॉर्मलला तर झालं, विषय संपला. बारा आठवडे होऊन पण खालीच राहिलं तर मात्र हा साधा आजार नसून सी३ ग्लोमेरुलोपॅथी म्हणून एक चिवट प्रकार असतो, किंवा मोठ्या मुलींमध्ये ल्यूपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार, ते शोधायला बायोप्सी लागते. मधल्या काळात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, भराभर वाढायला लागलं, लघवी अगदी कमी झाली, प्रोटीन खूप जायला लागलं, तर तेव्हा कॅलेंडर बघत बसायचं नाही, लगेच.

लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं रक्त वर्षभर, कधी त्याहून जास्त रेंगाळतं. त्यावरून झोप घालवू नका. झोप घालवायची असेल तर बीपीवरून घालवा, कारण या आजारात पोरं दगावतात किंवा फिट येते ती बहुतेक बीपीमुळे आणि छातीत पाणी झाल्यामुळे. डोकं दुखतंय, उलट्या, धाप लागतेय, डोळ्यापुढे अंधारी, असं काही झालं की रात्रीचे किती वाजलेत ते न बघता निघा, आणि बीपी मोजणाऱ्याला लहान मुलाचा कफ वापरायला सांगा, मोठ्यांच्या कफने आकडा कमी दाखवतो. मीठ सध्या कमी. आणि खरजेचं मलम सगळ्या घराला एकाच रात्री, गळ्यापासून पायापर्यंत, नुसतं पोरालाच लावून उपयोग नाही, अंथरूण-पांघरूण पण उन्हात. आपल्याकडे पुराचं पाणी ओसरलं की आणि थंडीत ऊसतोडीच्या तळांवर खरूज पसरते, आणि त्यातून अशा केसेस येतात, खरूज ही नुसती खाजेची गोष्ट नाही हे लोकांना कळतच नाही.

प्रश्न – मुलगी चार वर्षांची, उंची १०० सेंटीमीटर. जुलाब आणि ताप झाला होता, त्यात लघवी कमी झाली म्हणून रक्त तपासलं. क्रिएटिनिन ०.९. रिपोर्टवर नॉर्मल ०.६ ते १.२ असं छापलंय, म्हणजे अगदी मधोमध. तरी आमचे डॉक्टर म्हणतात परवा परत करा. उगाच खर्च करायला लावतायत का? – एक वडील, कोरेगाव

उत्तर – नाही, बरोबर सांगतायत, आणि त्यांचे आभार माना. ते ०.६ ते १.२ मोठ्या माणसाचं माप आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, चार वर्षांच्या पोरीला स्नायू ते केवढे असणार, तिचं नॉर्मल साधारण ०.३ ते ०.५ च्या घरात. बऱ्याच लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये मोठ्यांचीच रेंज भरलेली असते आणि तीच सगळ्यांच्या कागदावर छापून येते, आकडा ठळक झाला नाही की आपण खूश.

किडनी किती गाळते त्याचा घरी करून बघता येईल असा एक हिशोब सांगते, श्वार्ट्झचा फॉर्म्युला म्हणतात. उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, ०.४१३ ने गुणायची, क्रिएटिनिनने भागायची. तुमच्या मुलीचे ४१.३ भागिले ०.९, म्हणजे ४६ च्या आसपास. नॉर्मल ९० च्या वर हवं. हेच क्रिएटिनिन ०.४ असतं तर १०३ आलं असतं. बघा, कागदावर मधोमध आणि प्रत्यक्षात किडनीचं काम निम्म्यावर. हां, हा फॉर्म्युला आकडा स्थिर असताना खरा, रोज बदलत असताना नुसता अंदाज, शिवाय काही लॅबच्या पद्धतीत छोट्या मुलांचं क्रिएटिनिन थोडं जास्त दाखवतं, म्हणूनच तर परत करायचं, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये.

जुलाबात पाणी गेल्यामुळे असं होतं आणि वेळेत पाणी भरून काढलं तर बहुतेक मुलांचं पूर्ण सुधारतं. ओआरएस चालू ठेवा. तापाला पॅरासिटामॉलच, आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची सिरप नको, कोरड्या पडलेल्या किडनीला ती आणखी दाबतात आणि आपल्याकडे ती औषधं मागच्या तापातली उरलेली म्हणून फ्रीजच्या दारात असतातच. सहा-आठ तास लघवीच झाली नाही तर परवाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न – मुलगा पाच वर्षांचा, नेफ्रोटिक सिंड्रोम, तिसरा रिलॅप्स चालू आहे (आजार परत उलटलाय), प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड रोज. मी स्वतः बरंच वाचलं. क्रिएटिनिन खूप उशिरा वाढतं आणि आता एनगॅल, किम-१, सिस्टॅटिन सी अशा नव्या टेस्ट आहेत ज्या किडनीतलं इन्फ्लमेशन आधीच पकडतात असं कळलं, शिवाय अँटी-नेफ्रिन म्हणून एक आलीये. इथे होत नसतील तर मुंबईला सॅम्पल पाठवायची तयारी आहे, पैशाचा प्रश्न नाही. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले घरी लघवी तपासून वहीत लिहा. २०२५ मध्ये वही? त्याचा ईएसआर पण १०० च्या वर आलाय आणि सीआरपी नॉर्मल, हे कसं काय? आणि बायको विचारतेय भडंग बंद करायचं का, तो दुसरं काही खातच नाही. – एक वडील, विश्रामबाग, सांगली

उत्तर – दादा, वाचलंय चांगलं, फक्त एक पायरी गाळली. सगळ्यात वरती मी जे लिहिलंय ना, कुठली सूज, ते तुमच्यासाठीच. तुमच्या मुलाची सूज अंगावरची आहे, नेफ्रोटिक म्हणजे लघवीतून प्रोटीन गळून अंग सुजतं तो आजार. त्याच्या वयाच्या नेफ्रोटिकमध्ये बहुतेकांना जो प्रकार असतो त्यात किडनीचा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ नॉर्मल दिसतो, भडका नाही, पेशींची गर्दी नाही, म्हणून तर त्याचं नाव मिनिमल चेंज. बिघाड दिसतो तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, गाळणीला घट्ट धरून बसलेल्या पेशींचे पाय चपटे झालेले असतात आणि भोकांतून प्रोटीन गळतं. म्हणजे तुम्ही इन्फ्लमेशन शोधायला निघालाय तिथे इन्फ्लमेशन फारसं नाहीच.

आता क्रिएटिनिन उशिरा वाढतं हे शंभर टक्के खरं. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको, क्रिएटिनिन म्हणजे आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, पण पुलावर आकडा दिसतो तोपर्यंत पाणी दारात आलेलं असतं. शहाणा माणूस पुलाकडे बघत बसत नाही, कोयनेतून किती सोडलं ते विचारतो आणि सामान माळ्यावर टाकायला लागतो. एनगॅल, म्हणजे किडनीला मार बसला की लघवीत लवकर वाढणारं प्रोटीन, हे कोयनेच्या विसर्गासारखं. २००५ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी हार्ट ऑपरेशन झालेल्या ७१ मुलांमध्ये ते मोजलं, ज्यांच्या किडनीला पुढे मार बसला त्यांच्या लघवीत एनगॅल दोन तासांत वाढलं होतं, क्रिएटिनिनला एक ते तीन दिवस लागले. त्या कामाच्या मागे प्रसाद देवराजन हे आपल्याकडचे मूळ असलेले डॉक्टर होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-टेस्टना मान्यता देणाऱ्या खात्याने, मुलांसाठी लघवीतल्या एनगॅलची टेस्ट मान्य पण केली, पण कुणासाठी, तर आयसीयूत वगैरे असलेल्या, अचानक किडनी बंद पडायचा धोका असलेल्या मुलांसाठी. तुमचा मुलगा शाळेत जातो, सायकल चालवतो. आणि एनगॅल पांढऱ्या पेशींमधून पण येतं, लघवीत साधं इन्फेक्शन असलं तरी आकडा उडतो, मग तुम्ही रात्रभर गुगल करत बसणार.

किम-१ गाळणीच्या पुढच्या नळ्यांना मार बसला की वाढतं, तुमच्या प्रश्नाशी सध्या त्याचा संबंध कमी. सिस्टॅटिन सी चांगली टेस्ट आहे, स्नायूंवर अवलंबून नाही, बारीक हातपायांच्या मुलांत क्रिएटिनिनपेक्षा खरी, पण स्टिरॉईड चालू असताना ती आपोआप वाढते, म्हणजे नेमकी तुमच्या मुलातच फसवणार. अँटी-नेफ्रिन मात्र खरंच मोठी गोष्ट आहे. नेफ्रिन हे त्या गाळणीच्या फटीतलं प्रोटीन, त्याच्याविरुद्धच शरीर अँटिबॉडी बनवतं असं काही मुलांत दिसलंय, २०२४ मध्ये छापलेल्या युरोपातल्या अभ्यासात नेफ्रोटिकच्या १८२ मुलांपैकी ९४ जणांत ती सापडली, आणि आजार जोरात असताना, औषध सुरू व्हायच्या आधी तपासलं तर बहुतेकांत. मला स्वतःला हे वाचून फार बरं वाटलं, इतकी वर्षं आम्ही आईबापांना "का झालं ते माहीत नाही" असंच सांगत आलोय. पण आज त्या आकड्यावरून तुमच्या मुलाची एक गोळी पण बदलणार नाही. ज्या रिपोर्टने औषध बदलत नाही तो रिपोर्ट मी माझ्या नातवाचा सुद्धा करणार नाही, पैशाचा प्रश्न नसला तरी.

हे नवे मार्कर खऱ्या दाहात उपयोगी पडतील असं वाटतं ती जागा म्हणजे ल्यूपस, दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलींमध्ये जास्त. तिथे किडनीत भडका खरंच असतो आणि तो विझलाय की धुमसतोय ते बाहेरून कळत नाही, सारखी बायोप्सी तरी किती करणार. लघवीतल्या सहा प्रोटीनचा एकत्र हिशोब करून भडक्याचा अंदाज बांधणारा रेल नावाचा स्कोअर निघालाय, त्यात एनगॅल आणि किम-१ आहेत आणि एमसीपी-१ पण आहे, ते म्हणजे पांढऱ्या पेशींना इकडे या म्हणून बोलावणारं प्रोटीन. पण तिथे पण रोजच्या कामात अजून सी३, त्याचाच भाऊ सी४, डीएस-डीएनए ही ल्यूपसची अँटिबॉडी आणि लघवीतलं प्रोटीन यांच्यावरच गाडी चालते.

आता वही. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला हाकललं नाहीये, सगळ्यात कामाचा बायोमार्कर हातात दिलाय. १८२७ साली लंडनमध्ये रिचर्ड ब्राईट या डॉक्टरांनी अंगावर सूज असलेल्या रोग्यांची लघवी तापवली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठते हे मांडलं, तेव्हापासून खूण तीच आहे, फक्त मेणबत्तीच्या जागी पट्टी आली किंवा सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब आले. रोज सकाळची पहिली लघवी, थेंब टाकले की स्वच्छ आहे, धुरकट आहे, की ताकासारखी पांढरी, ते लिहायचं. तीन दिवस सलग ३+ किंवा जास्त म्हणजे रिलॅप्स, तीन दिवस सलग निल किंवा ट्रेस म्हणजे उतरला. सर्दी-तापात एखाद-दुसरा दिवस प्रोटीन दिसून आपोआप जातं, तेव्हा घाबरून डोस वाढवू नका. बाहेरगावी जाताना वही बरोबर. पोराची सूज डोळ्यांना दिसायच्या कितीतरी दिवस आधी वहीत दिसते, म्हणजे कोयनेचा विसर्ग तुमच्या मोरीतच आहे. आणि स्टिरॉईड स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

ईएसआर म्हणजे लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते, आणि सीआरपी म्हणजे दाहात वाढणारं प्रोटीन. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी आणि फायब्रिनोजेन हे दुसरं जास्त झालं की ईएसआर वाढतोच, नेफ्रोटिकमध्ये शंभर येणं नवल नाही, त्यावरून इन्फेक्शन धरू नका, सीआरपी नॉर्मल आहे तेच जास्त खरं. भडंग, लघवीतून प्रोटीन जातंय आणि सूज आहे तोवर बंद, त्यात मीठ किती असतं ते ज्याने घरी केलंय त्याला माहीत. लघवी स्वच्छ झाली की वाटीभर द्या, शेंगदाणे जास्त घालून. वहिनींना सांगा चुरमुरे बिनमिठाचे मिळतात, लसणाची फोडणी घरीच द्यायची.

प्रश्न – नात आठ महिन्यांची. चार दिवस ताप, सर्दी-खोकला काही नाही. सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज लिहिलंय. पिशवी चिकटवून लघवी घेतली त्यात दोन-तीन प्रकारचे जंतू आले. रक्तात प्रोकॅल्सिटोनिन ३ आलं. आता डॉक्टर नळी घालून परत लघवी घ्यायची म्हणतात. एवढ्याशा जिवाला नळी कशाला, मी धण्याचं पाणी देऊ का? – एक आजी, वाई

उत्तर – आजी, पत्र येऊन हे छापेपर्यंत नात बरी झाली असेल अशी आशा, तुम्हाला फोनवर सांगितलंच, बाकीच्यांसाठी लिहिते. पिशवीतली लघवी कातडीला लागून जमा होते, तिथले सगळे जंतू त्यात येतात, दोन-तीन प्रकार आले म्हणजे भेसळ झाली. पिशवीचा रिपोर्ट स्वच्छ आला तर उपयोगाचा, जंतू दाखवले तर त्यावर विश्वास ठेवता येत नाही. बारीक नळीचं काम मिनिटभराचं असतं, बाळ रडतं आणि विसरतं, पण चुकीच्या कल्चरवर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या टेस्टवर, दिलेलं अँटिबायोटिक महिनाभर पुरून उरतं. फक्त नमुना घेतला की लगेच औषध सुरू, कल्चर यायला दोन दिवस लागतात त्याची वाट बघायची नाही.

प्रोकॅल्सिटोनिन ही जंतूंच्या इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारी खूण, ती ०.५ च्या वर असेल तर इन्फेक्शन मूत्राशयापाशी न थांबता वर किडनीत गेल्याची शंका जास्त, इथे तर ३ आहे. म्हणजे दुसऱ्या प्रकारची सूज खरी. सोनोग्राफीवाली सूज मात्र तिसरी, तिथे लघवी तुंबलीये, जन्मजात अरुंद वाट असेल किंवा लघवी उलटी वर जात असेल. ताप उतरल्यावर सोनोग्राफी परत, आणि गरज वाटली तर चार ते सहा महिन्यांनी डीएमएसए स्कॅन, किडनीवर डाग राहिलाय का ते त्यातच कळतं, रक्ताच्या कुठल्याच मार्करने ते कळत नाही. लघवीत आयएल-६, आयएल-८ ही दाहातली प्रोटीनं मोजून हेच आधी सांगता येईल का यावर अभ्यास चालू असतात, औषध त्याने आज बदलत नाही. धण्याचं पाणी आठ महिन्यांच्या बाळाला नको, आईचं दूध जास्त वेळा द्या. आणि नात मोठी झाली की शी कडक होऊ देऊ नका, लघवीच्या इन्फेक्शनचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

प्रश्न – मुलाच्या पायावर लाल-जांभळे ठिपके, गुडघे दुखत होते, पोट पण दुखलं. आयजीए व्हॅस्क्युलायटिस सांगितलं. आता ठिपके गेले, पळतोय, तरी दर आठवड्याला लघवी तपासायला लावतात. – फलटण

उत्तर – तपासा. या आजारात बारीक रक्तवाहिन्यांना दाह होतो, त्यात कातडी आधी बरी होते आणि किडनी मागून येते, बऱ्याचदा पहिल्या महिना-दोन महिन्यांत, अगदी गुपचूप, पोर खेळत असतं. सहा महिन्यांपर्यंत लघवी स्वच्छ राहिली तर मग सहसा काही होत नाही. पहिले दोन महिने दर आठवड्याला, पुढे महिन्याला, सोबत बीपी. रक्त किंवा प्रोटीन दिसलं तर लघवीतल्या प्रोटीन-क्रिएटिनिनचं प्रमाण काढायचं, दोन वर्षांपुढच्या मुलांत ०.२ च्या आत हवं.

प्रश्न – मी आशाताई आहे. आमच्याकडून लघवीचे नमुने तालुक्याला जातात. माझ्या पट्टीवर रक्त ३+ दिसतं आणि लॅबचा रिपोर्ट येतो पेशी नाहीत. मग बोलणी मला खावी लागतात. – जत भाग

उत्तर – ताई, तुमची पट्टी खोटी नाही. लघवी उन्हात चार तास फिरली की लाल पेशी फुटतात, दाहाची खरी खूण म्हणजे लाल पेशींचे साचे, ते तर सगळ्यात आधी विरघळतात. पट्टीला फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन पण कळतं, सूक्ष्मदर्शकाला नाही. नमुना तासाभरात पोचत नसेल तर थंड डब्यातून पाठवा, बाटलीवर वेळ लिहा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट, दमट हवेत त्या बिघडतात. आणि लाल लघवी दिसली की बीट खाल्लं होतं का तेवढं विचारा.

प्रश्न – ओळखीच्या एकांनी किडनी साफ करणारी भस्माची पुडी दिलीये, मुलीची सूज तीन दिवसांत उतरेल म्हणाले. स्टिरॉईडपेक्षा बरं ना? – सातारा

उत्तर – नाही. पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाच माहीत नसतं. पारा असलेल्या अशा औषधांनी किडनीच्या गाळण्या बिघडून अंगावर सूज आल्याच्या केसेस दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात, म्हणजे जी सूज घालवायला घेतली तीच. तीन दिवसांत उतरली तर पुडीत स्टिरॉईडच मिसळलेलं नाही कशावरून, आणि मग डोस किती गेला ते कोण सांगणार. आज बंद करा, मुलीची लघवी आणि बीपी तपासून घ्या, उरलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागेल.